सात लूप, पट्ट्यावर सहाच

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या डेनची, म्हणजे स्काउट मुलांच्या छोट्या गटाची, सभा संपली होती, मुलं चर्चच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्या आवरत होती आणि माझी नजर धाकट्याच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्यावर सहा लूप. माझ्या नोंदीत सात. हरवला असेल म्हणून विचारलं, तर खुर्ची ओढता ओढता म्हणाला, "हरवला नाही काका. खणात आहे. तो माझा नाहीये."

मी न्यू जर्सीतल्या एका कब स्काउट पॅकमध्ये, म्हणजे लहान स्काउटांच्या अशा डेन मिळून झालेल्या तुकडीत, डेन लीडर आहे. दुसरीतली आठ मुलं माझ्याकडे असतात. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या मुलाच्या एका वाक्यामुळे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत आणि मुलाला इथे नुसतं 'धाकटा' म्हटलं आहे. घरातही त्याची ओळख तीच. मोठी बहीण सहावीत.

आधी हे लूप म्हणजे काय ते

अमेरिकेत कब स्काउटिंग १९३० साली सुरू झालं. मूळ कल्पना इंग्लंडातली. बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये स्काउटपेक्षा लहान मुलांसाठी 'वुल्फ कब' काढले आणि त्यांच्या खेळाला चौकट दिली ती किपलिंगच्या 'जंगल बुक'ची. म्हणून लांडग्यांचा कळप, म्हणून 'पॅक' आणि 'डेन', आणि म्हणूनच म्होरक्याचं नाव अकेला. गोष्ट सिवनीच्या डोंगरातली, म्हणजे नागपूरहून जबलपूरकडे निघालं की वाटेत लागते त्या सिवनीची. इथली पोरं त्याला 'अकीला' म्हणतात. पहिल्या वर्षी मी दोनदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं.

मुलाची रँक त्याच्या इयत्तेवर ठरते. किंडरगार्टनला लायन, पहिलीला टायगर, दुसरीला वुल्फ, तिसरीला बेअर, चौथीला वेबेलोज, पाचवीला ॲरो ऑफ लाइट. प्रत्येक रँकसाठी आठ 'ॲडव्हेंचर' पूर्ण करायची. त्यातली सहा सक्तीची, दोन आवडीची. २०२४ च्या जूनपासून सक्तीच्या सहांचे विषय सगळ्या इयत्तांना सारखेच केले आहेत: चारित्र्य आणि नेतृत्व (याचं नाव बॉबकॅट), घराबाहेरचा निसर्ग, शरीर आणि आहार, नागरिकत्व, स्वतःची सुरक्षितता, कुटुंब आणि श्रद्धा. त्याआधी बॉबकॅट ही वेगळी रँक होती आणि पहिलीत किंवा त्यापुढच्या कोणत्याही इयत्तेत आलेल्या मुलाला आधी ती मिळवावी लागे. आता ती प्रत्येक रँकच्या पोटात गेली आहे. तिसरीपर्यंत एकेक ॲडव्हेंचर पुरं झालं की धातूचा छोटा लूप मिळतो आणि तो पट्ट्यात ओवायचा. आठ झाले की रँकचा कापडी बॅज, निळ्या शर्टाच्या डाव्या खिशावर.

लूप मुलांना लगेच हवे असतात आणि तसे ते लगेच द्यावेतही. सात वर्षांच्या मुलाला मेमध्ये मिळणाऱ्या बॅजसाठी जानेवारीत धीर धर म्हणणं म्हणजे आषाढात दिवाळीचा फराळ दाखवण्यासारखं आहे. पट्टा जड होत गेला की मूल सभेला स्वतःहून येतं. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

या प्रकरणाचा कणा असलेला नियम मात्र दुसराच आहे. कबच्या वयात एखादी गोष्ट 'पूर्ण' झाली की नाही, याचा निकष आहे 'डू युअर बेस्ट', आपल्याकडून होईल तितकं चांगलं. तेच ब्रीदवाक्यही आहे. पुढे मूल मोठ्या स्काउट ट्रूपमध्ये गेलं की हे बदलतं. तिथे जे लिहिलंय ते तसंच करावं लागतं, कमी नाही आणि जास्तही नाही. कबला मात्र स्वतःच्या कुवतीशी मोजायचं. आणि मोजणार कोण? वुल्फच्या पातळीवर डेन लीडर मोजू शकतो, तसे आईवडीलही. 'अकेला' म्हणजे त्या क्षणी मुलाला वाट दाखवणारं कोणतंही मोठं माणूस. नोंदींच्या ॲपमध्ये आई किंवा बाबा खूण करतात, मी ती मान्य करतो. म्हणजे परीक्षक घरातला, परीक्षार्थी घरातला, आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात ते छापलेलंच नाही. चौथीची स्कॉलरशिप परीक्षा दिलेल्या मराठी बापासाठी याहून अवघड काम नसेल.

जानेवारी ते मार्च

हे कुटुंब पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. धाकटा घरात अखंड बडबड्या, बाहेर इंग्रजीत मात्र मोजून चार शब्द. जानेवारीत तो डेनमध्ये आला. पहिल्याच दिवशी त्याच्या आईने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "सिलॅबस कुठे मिळेल?" दुसरा, "लायन आणि टायगर राहून गेलेत त्याचे. ते पण करून घेऊ का सोबत?"

दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. मागच्या इयत्तेची रँक मागाहून मिळवता येत नाही. दुसरीत आलेलं मूल वुल्फपासून सुरू करतं, त्याच्या खिशावर आधीचे बॅज नसतात आणि त्यावरून त्याला कोणी कमी समजत नाही. बाईंना ते पटायला वेळ लागला. "म्हणजे बुडलेलं भरून काढायचंच नाही?" त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती आणि, माझा कान खोटा नसेल तर, थोडी सुटकाही.

मग त्यांनी एक्सेलचा तक्ता केला. मे अखेरपर्यंत पाच महिने, आठ ॲडव्हेंचर. तक्ता उत्तम होता, मी तो पुढच्या वर्षी इतर पालकांनाही दिला. आवडीच्या ॲडव्हेंचरपैकी जमिनीखालच्या अवशेषांचं एक आणि नाण्यांचं एक त्यांनी घरीच केलं. नाण्यांचं तर फार सुंदर झालं. त्यात नाणं कोणत्या टांकसाळीत पडलं ते शोधायचं असतं: अमेरिकन नाण्यावर 'पी' म्हणजे फिलाडेल्फिया, 'डी' म्हणजे डेन्व्हर. धाकट्याने पुण्याच्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि आजोबांनी आपल्याकडची गंमत सांगितली. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पुढच्या सभेला तो खिशातून रुपयाची नऊ नाणी घेऊन आला आणि डेनमधल्या पोरांना चांदणी शोधायला लावली. इंग्रजी तुटकं होतं, पण एकदाही अडलं नाही.

सक्तीची चार मार्चअखेर झाली. शरीराचं, सुरक्षिततेचं, नागरिकत्वाचं आणि कुटुंबाचं. त्यांत विशेष सांगण्यासारखं काही नाही. कुटुंबाच्या ॲडव्हेंचरमध्ये प्रत्येक घर आपापल्या श्रद्धेविषयी बोलतं, तेव्हा त्याने आरती म्हणून दाखवली आणि टाळ वाजवायला दोन पोरांना दिले. हिंदू मुलांसाठी 'धर्म' नावाचं वेगळं पदकही आहे. अशी पदकं स्काउटिंग संस्था ठरवत नाही, ज्या त्या धर्माच्या संस्था ठरवतात. त्यांनी ते पुढच्या वर्षावर टाकलं.

आणि मार्चमध्ये झाली पाइनवुड डर्बी, छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत.

ही शर्यत १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या मुख्य लीडरने, सुरू केली. त्याच्या मुलाला त्या वेळच्या मोठ्या, आत बसून चालवायच्या सोपबॉक्स गाड्यांत वयामुळे भाग घेता येत नव्हता, म्हणून. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं, आस म्हणून चार खिळे, आणि सगळं मिळून वजन ५ औंसांच्या, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमच्या आत. उतारावरून सोडायची, गुरुत्वाकर्षण काय ते करेल. बापलेकांनी एकत्र बसून काही बनवावं हा मूळ हेतू. ज्या ज्या पॅकमध्ये मी ही शर्यत पाहिली तिथे तिथे निम्म्या गाड्या बापांनी केलेल्या होत्या. सगळ्यांना ते माहीत असतं, कोणी बोलत नाही.

धाकट्याची गाडी थेंबाच्या आकाराची होती. घासून इतकी गुळगुळीत केलेली की ट्यूबलाइट तिच्यात दिसावी. मागच्या बाजूला टंगस्टनची वजनं, खिळ्यांना ग्राफाइट. पॅकमध्ये तिसरी आली. बक्षीस देताना कबमास्टरने माइक पुढे करून विचारलं, कशी बनवलीस? धाकटा गप्प. सगळ्यांना वाटलं, लाजला.

त्या रात्री घरी येऊन मी ॲप उघडलं. आठही मुलांच्या पालकांनी 'रेस टाइम' या गाडीच्या ॲडव्हेंचरवर खुणा केल्या होत्या. मी आठही एकापाठोपाठ मान्य केल्या. फार तर वीस सेकंद लागले असतील. या प्रकरणातली माझी चूक ती वीस सेकंदं.

अडलं कुठे

एप्रिलमध्ये वुल्फसाठी दोनच गोष्टी उरल्या होत्या: बॉबकॅट आणि निसर्गातली चाल. आवडीची दोन लागतात, त्याची रेस टाइम धरून तीन झाली होती. डेनमधल्या बाकीच्या मुलांचं बॉबकॅट हिवाळ्याआधीच झालं होतं. धाकट्याच्या पानावर मात्र एक चौकोन सतत रिकामा राहिला, शपथ आणि स्काउटचा नियम म्हणण्याचा.

स्काउटच्या नियमात बारा गुण आहेत. विश्वासू, निष्ठावान, मदतीला तत्पर, मैत्रीपूर्ण, विनयी, दयाळू, आज्ञाधारक, आनंदी, काटकसरी, धाडसी, स्वच्छ आणि श्रद्धाळू असा साधारण त्यांचा अर्थ. इंग्रजीतून सलग म्हणायचे. धाकटा सातव्यापर्यंत नीट जायचा आणि 'ओबीडियंट'पाशी जीभ अडायची. मग आठवा विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याचे बाबा रोज रात्री जेवणानंतर त्याला उभं करून म्हणवून घेत होते. बारा येत नाहीत तोवर खूण नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सगळं मला नंतर त्याच्या आईकडून कळलं, तेही मी विचारल्यावर.

खरं तर त्या चौकोनाला एवढं लागतच नाही. वुल्फने शपथ आणि नियम डेनसोबत म्हणायचे असतात. आठ पोरं आणि एक लीडर एका सुरात म्हणतात, एखादा शब्द कोणाचा तरी गळतो, दुसऱ्याचा आवाज त्याला उचलून धरतो. धाकटा जानेवारीपासून दर सभेला हे म्हणतच होता. बाबांनी त्याची तोंडी परीक्षा केली होती.

म्हणजे चित्र असं होतं. जे मुलाने जीव तोडून केलं होतं, तिथे बाबांनी खूण अडवून धरली होती. आणि जे मुलाने केलंच नव्हतं, तिथे दिली होती. मुलाला हे दोन्ही दिसत होतं. त्याने आपल्यापुरता न्याय केला आणि सातवा लूप खणात टाकला.

त्या संध्याकाळी खुर्च्या आवरल्यावर मी त्याला विचारलं, गाडीचं काय काय तू केलंस? म्हणाला, "स्टिकर लावला." मग जरा थांबून, "आणि टॉर्च धरला."

काय केलं

बॉबकॅटची खूण मी सरळ करू शकत होतो, तसा अधिकार मला आहे. केली नाही, कारण बाबांना डावलून मिळालेला लूपही बहुधा त्याच खणात गेला असता. दिलेला लूप परत मागायची पद्धत नाही, तेव्हा तोही मार्ग नव्हता. उरलं बाबांशी बोलणं. ते मी पार्किंगमध्ये केलं. घरी बोलावून, चहा ठेवून काही सांगायला बसलं की ते 'समजावणं' होतं आणि समजावलेलं कोणालाच आवडत नाही.

सुरुवात माझ्या वीस सेकंदांपासून केली. मी न विचारता मान्य केलं, ही माझी चूक, असं म्हटलं. मग लूपचं सांगितलं. ते बराच वेळ गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. नंतर जे म्हणाले ते मला अपेक्षित नव्हतं.

"गाडीचं कबूल. मला स्वतःलाच मजा येत होती. लहानपणी कोणी दिलं नाही हो असं लाकूड हातात." आणि मग, "पण नियमाचं नाही पटत. सातवर सोडून दिलं तर उद्या शाळेतही सातवरच थांबेल. मोठीला इथे आल्यावर इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात बसवलं होतं. वर्षभर रडत होती ती."

मी या भीतीला चूक म्हणणार नाही. कडकपणा वाटतो तो बऱ्याचदा घाबरलेल्या माणसाचा असतो. मी एवढंच म्हटलं की पाचवीनंतर ट्रूपमध्ये गेला की त्याला सगळं लिहिल्याबरहुकूम करावंच लागेल, तेव्हा मी तुमच्या बाजूने असेन. आज तो सात वर्षांचा आहे आणि पुस्तकात 'डेनसोबत' असं लिहिलंय. तुम्ही त्यात 'एकट्याने, न अडखळता' हे आपल्या पदरचं घातलंत. ते म्हणाले, विचार करतो.

पुढच्या शनिवारी डेनची चाल होती. प्रत्येक मुलाने सहा वस्तू बरोबर घ्यायच्या: भरलेली पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पिशवी, टॉर्च, खाऊ, उन्हापासून बचावाचं काहीतरी आणि शिट्टी. (शिट्टी वाजवायची नाही असं सांगून शिट्टी द्यायची, हा नियम ज्याने केला त्याने आठ मुलं सोबत घेऊन एकदा चालून पाहावं.) बाबाही आले. ओढ्यावर ओळीने मोठे दगड आहेत, त्यावर एकेक पाऊल टाकताना एकेक गुण म्हणायचा असा खेळ आम्ही दरवर्षी खेळतो. पुढचा म्हणेल त्याच्या पुढचा गुण मागच्याने म्हणायचा. धाकटा मधे होता. त्याच्या वाट्याला नेमका 'ओबीडियंट' आला. अडखळला, 'ओबी' पर्यंत गेला आणि पुढच्या दगडावरची मुलगी मागे वळून म्हणाली 'डियंट'. दोघं हसले. पुढच्या फेरीत त्याला 'थ्रिफ्टी', म्हणजे काटकसरी, आला. तो त्याने नीट म्हटला आणि आपली बाटली वर करून दाखवली. अर्धी उरवली होती.

त्या रात्री अकरा चाळीसला ॲपवर बॉबकॅटची खूण आली. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. दगडांमुळे आली, पार्किंगमुळे आली की चालून पाय दुखल्यामुळे, मला सांगता येणार नाही. या वेळी मी मान्य करण्याआधी थांबलो आणि सकाळी फोन करून धाकट्याला विचारलं, बॉबकॅटमध्ये काय काय केलंस? त्याने सांगितलं, सात मिनिटं सांगितलं.

आता मी प्रत्येक खुणेला हाच एक प्रश्न विचारतो आणि मुलालाच विचारतो. वेळ जातो. महिनाअखेरीला माझ्याकडे मान्य न केलेल्या खुणांचा ढीग असतो आणि एक दोन पालक कुरकुरतातही. बाकीच्या सात मुलांपैकी किती जणांनी स्वतः गाडी केली होती, ते मात्र मी मागे जाऊन विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मला तेव्हा ते जमलं नाही.

मे अखेरीच्या पॅक सभेत वुल्फचा बॅज दिला. आमच्याकडे बॅज आधी पालकांच्या हातात देतात आणि पालक तो मुलाला देतात, आईला एक छोटी पिनही मिळते. बाबांनी बॅज दिला तेव्हा त्यांच्या अंगठ्याला लाकडाचं कुसळ गेल्याची पट्टी होती. जुलैमध्ये कारण कळलं. दोघांनी आणखी एक ठोकळा आणून गॅरेजमध्ये गाडी केली होती. धाकट्याने मला ती अंगणात दाखवली. करवत वाकडी गेल्याने नाक उजवीकडे झुकलेलं, रंग हिरवा, आणि चारपैकी तीनच चाकं जमिनीला टेकत होती. घरासमोरच्या उतारावरून सोडली, ती गोल फिरून कचऱ्याच्या डब्याला धडकली. पट्ट्यावर लूप सात नव्हे, नऊ होते. मी मोजले.

सप्टेंबरमध्ये तो तिसरीत गेला, म्हणजे आता बेअर. बेअरला लाकूड कोरायचं ॲडव्हेंचर आवडीत असतं, खिशातला चाकू वापरायला तिथे शिकतात, आणि पहिल्या दिवशी साबणाच्या वडीवर कोरतात. नोंदणीच्या रांगेत बाबांनी मला गाठून विचारलं, "चाकू त्याने धरायचा की मी?"

मी म्हटलं, दोन वड्या आणा.